सतरा पायऱ्यांचे अंतर

"संगणक चालत नाही" हे वाक्य हल्ली घराघरांतून ऐकू येते. डॉक्टरांकडे जाऊन नुसते "बरे वाटत नाही" म्हणावे, तसेच हे वाक्य आहे. डॉक्टर एवढ्यावर औषध देत नाहीत. ताप आहे का, पोट दुखते का, कधीपासून दुखते, काल काय खाल्ले, असे एकामागून एक विचारत जातात. संगणकाच्या बाबतीत मात्र आपण एकदम औषधावर उडी घेतो. बंद करून चालू करतो, वायर काढून पुन्हा लावतो, चार ओळखीच्यांना फोन करतो आणि चौघांनी सांगितलेले चार उपाय एकाच वेळी करून बसतो. त्यातल्या एखाद्याने गुण आला तरी तो कशाने आला हे कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा तीच धावाधाव.

२०२५ च्या उन्हाळ्यात आमच्या घरी असाच एक प्रश्न उभा राहिला. खालच्या खोलीतल्या लॅपटॉपवरून माडीवरचा संगणक चालवायचा होता. याला 'रिमोट डेस्कटॉप' म्हणतात. तो चालता चालता बंद पडला आणि चार दिवसांनी पुन्हा सुरू झाला. त्या चार दिवसांत जे समजले ते विद्यार्थी मित्रांना उपयोगी पडेल आणि पालकांनाही सावध करील, असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

आधी हा खटाटोप कशासाठी ते सांगायला हवे. माझे सासरे, ज्यांना घरीदारी सगळेच अण्णा म्हणतात, २००५ पासून आपल्या आठवणी लिहीत आहेत. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले तेव्हा ते सात वर्षांचे होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना होऊन गुलबर्गा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला तेव्हा ते शाळेच्या वरच्या वर्गात होते. पुढे १९७३ मध्ये म्हैसूरचे कर्नाटक झाले आणि २०१४ मध्ये गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले. "आपण जागचे हललो नाही, कागद तेवढे हलले," असे अण्णा म्हणतात. घरात मराठी, गल्लीत कन्नड, कचेरीत उर्दू, अशा त्या काळात आपली माणसे कशी राहिली, कोणत्या गल्लीत कोणती मराठी घरे होती, त्यांतली कोणती सोलापूर-पुण्याकडे गेली आणि कोणती इथेच रुजली, हे सारे त्यांनी लिहून ठेवले आहे. टाइप केलेली पाने नऊशेच्या घरात गेली आहेत.

ही पाने आहेत माडीवरच्या संगणकात. आणि अडचण अशी की ती दुसऱ्या कोणत्याही संगणकावर वाचता येत नाहीत. अण्णांनी लिहायला सुरुवात केली तेव्हाची मराठी टायपिंगची बहुतेक सॉफ्टवेअर एका युक्तीवर चालत. संगणकाला वाटे आपण रोमन अक्षरे साठवीत आहोत. पडद्यावर मात्र त्या रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरांची चित्रे दिसत. तो फाँट ज्या संगणकावर नाही तिथे ती फाइल उघडली की 'अण्णा' ऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. त्यातही या सॉफ्टवेअरला एक चावी लागते. पेन ड्राइव्हसारखी दिसणारी ती वस्तू संगणकाला लावलेली असेल तरच ते उघडते. चावी एकच, सीडी कधीच हरवलेली, आणि नव्या लॅपटॉपवर ते बसवायचे दोनदा प्रयत्न करूनही बसले नाही.

जानेवारी २०२५ मध्ये अण्णा अंगणात पडले आणि कमरेचे हाड मोडले. ऑपरेशन नीट झाले, पण डॉक्टरांनी जिना बंद केला. आमचा जिना जुन्या पद्धतीचा, उभा आणि अरुंद; १७ पायऱ्यांचा. संगणकच खाली आणावा, असे कोणीही म्हणेल. आम्हीही म्हटले. पण अण्णांना खुर्चीत बसणे जमत नव्हते. खाटेवर पाठीला उशा लावून, मांडीवरच्या छोट्या मेजावर लॅपटॉप ठेवला तर तासभर बसता येई. मोठा पडदा, डबा, यूपीएस हे सारे खाटेवर कसे मावणार? शिवाय संध्याकाळी त्याच संगणकावर माझे काम असते. तेव्हा काम वरच्या संगणकाने करावे आणि हात मात्र खालून चालवावेत, असा मार्ग निघाला.

रिमोट डेस्कटॉप म्हणजे नेमके हेच. खालच्या लॅपटॉपवर फाइल येत नाही, सॉफ्टवेअरही येत नाही. वरच्या संगणकाच्या पडद्याचे चित्र तेवढे खाली येते आणि खाली दाबलेली बटणे व माउसची हालचाल वर जाते. खिडकीतून हात घालून पलीकडच्या खोलीतल्या पाटीवर लिहावे तसे. मायक्रोसॉफ्टने ही सोय २००१ च्या विंडोज एक्स्पी प्रोफेशनलमध्ये सर्वसामान्यांच्या संगणकावर आणली. मात्र एक भेद तेव्हापासून आजवर कायम आहे. 'होम' प्रकारच्या विंडोजवरून दुसऱ्याचा संगणक चालविता येतो, पण होम विंडोज असलेला संगणक स्वतः या रीतीने चालवू देत नाही. त्यासाठी 'प्रो' प्रकार लागतो. आमच्या वरच्या संगणकावर विंडोज १० प्रो होते आणि खालच्या लॅपटॉपवर होम. म्हणजे दिशा योग्य होती. उलट असते तर सारा दिवस खटपट करूनही काही झाले नसते. कोणतेही यंत्र दुरुस्त करायला बसण्यापूर्वी 'हे यंत्र हे काम करू शकते का?' हा प्रश्न पहिला.

फेब्रुवारीत हे सुरू झाले आणि तीन महिने सुरळीत चालले. सकाळी चहा झाला की अण्णा खाटेवर बसून लिहीत. आजारपणात माणसाचे सारे दुसऱ्याच्या हातात जाते. हे एक काम त्यांच्या हातात राहिले होते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी लॅपटॉपवर इंग्रजी सूचना आली. तिचा मतलब असा: समोरच्या संगणकाशी संपर्क होत नाही, एक तर त्यावर ही सोय सुरू केलेली नसेल, किंवा तो संगणक बंद असेल, किंवा तो नेटवर्कवर सापडत नसेल.

अण्णा दिवसभर गप्प होते. संध्याकाळी म्हणाले, "राहू दे आता. लिहायचं तेवढं लिहून झालंय." लिहून झाले नव्हते, हे आम्हा सर्वांना माहीत होते.

आमचे चिरंजीव नववीत आहेत. त्यांनी आल्या आल्या राउटर बंद करून चालू करण्याचा प्रस्ताव मांडला. मी म्हटले, आधी ही सूचना नीट वाच. तीत एक नाही, तीन कारणे आहेत. तीनही निरनिराळी आहेत आणि तिघांची औषधेही निरनिराळी. वहीत लिहून काढ आणि एकेक खोड. त्याने वहीच्या एका पानावर जिना काढला. सर्वांत खाली लॅपटॉप, सर्वांत वर संगणक, आणि मध्ये प्रत्येक पायरीवर एक प्रश्न. पायरी पक्की निघाली तरच पुढची.

पहिला प्रश्न: वरचा संगणक जागा आहे का? तो वर जाऊन आला. पडदा काळा होता. माउस हलविल्यावर दिसू लागला. म्हणजे संगणक बंद नव्हता, झोपला होता. वीज वाचविण्यासाठी काही वेळ काम नसले की विंडोज संगणकाला झोपविते, आणि झोपलेला संगणक रिमोट डेस्कटॉपला ओ देत नाही. पूर्वी सकाळी मी वर काही ना काही करीत असे, म्हणून तो जागा असायचा. सुट्टी लागल्यावर ते थांबले होते. सेटिंगमध्ये जाऊन 'वीज असताना कधीही झोपू नये' असे ठरवून दिले. पडदा बंद झाला तरी चालतो. खाली येऊन पाहिले, तरी संपर्क होईना. मुलगा हिरमुसला. पण दुखणे एकच असते असा काही नियम नाही. एक सापडले, दुसरे शोधायचे.

दुसरा प्रश्न: दोन्ही संगणक एकाच नेटवर्कमध्ये आहेत का? इथे आमच्या घराचे थोडे सांगायला हवे. घर जुने आहे. दगडी भिंती चांगल्या दोन हात रुंदीच्या आणि खाली शहाबादी फरशी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात या भिंती आईसारखी माया करतात, पण वायफायला त्या आडव्या येतात. रेडिओलहरींची ताकद जाड दगडातून जाताना कमी होते, आणि वेगवान वायफायच्या लहरी तर जुन्या प्रकारापेक्षाही लवकर दमतात. म्हणून मेच्या सुरुवातीला माडीवर दुसरा राउटर बसवून घेतला होता. खालून वर गेलेली केबल पूर्वी थेट संगणकात जाई. आता ती नव्या राउटरमध्ये गेली आणि संगणक त्या राउटरला जोडला गेला. बसवायला आलेल्या मुलाने माडीवर मोबाईल लावून बघितला, इंटरनेट आले, "आय्तु" म्हणाला आणि गेला. त्याच्या दृष्टीने काम झालेच होते.

आता दोन्ही संगणकांवर काळ्या खिडकीत 'आयपीकॉन्फिग' हा शब्द टाइप करून त्यांचे पत्ते पाहिले. नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला असा आकडी पत्ता असतो. लॅपटॉपचा निघाला १९२.१६८.१.७ आणि वरच्या संगणकाचा १९२.१६८.०.१०५. मुलाने दोन्ही एकाखाली एक लिहिले आणि तिसऱ्या आकड्यावर बोट ठेवले. एकाचा १, दुसऱ्याचा ०. एका घरात दोन नेटवर्क झाली होती!

हे समजायला जुन्या वाड्याचे उदाहरण सोपे पडते. वाड्याच्या देवडीवर एक पहारेकरी बसतो. आतली माणसे बाहेर जाऊ शकतात, त्यांनी मागविलेला माल आतही येतो. पण बाहेरून आलेल्या अनोळखी माणसाला तो आत सोडत नाही. घरचा राउटर हाच पहारेकरी. आता वाड्याच्या आत आणखी एक वाडा बांधला आणि त्याच्याही देवडीवर पहारेकरी बसविला, तर आतल्या वाड्यातल्यांना काहीच अडचण जाणवणार नाही. ते दोन्ही देवड्या ओलांडून बाहेर जातील. म्हणूनच माडीवर इंटरनेट उत्तम चालत होते. पण बाहेरच्या वाड्यातल्या अण्णांनी आतल्या वाड्याचे दार ठोठावले, तर आतला पहारेकरी त्यांना परका समजून परत पाठवीत होता. घरचाच माणूस, पण देवडी निराळी!

उपाय सोपा होता. अशा बहुतेक राउटरमध्ये 'ॲक्सेस पॉइंट' नावाची एक व्यवस्था असते. ती निवडली की तो पहाऱ्याचे काम सोडतो, स्वतःचे पत्ते वाटणे थांबवितो आणि फक्त वायफाय पोहोचविण्याचे काम करतो. तसे केल्यावर वरच्या संगणकाचा पत्ता १९२.१६८.१.१२ असा आला. तिसरा आकडा जुळला. दोघे एका वाड्यात आले. (जाता जाता: १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. त्यामुळे तुमच्या घरी हेच आकडे दिसले तर दचकू नका. प्रत्येक गावात एक मारुतीचे देऊळ असते, तसेच हे आहे.)

तिसरा प्रश्न: आपण योग्य पत्त्यावर जातो आहोत का? लॅपटॉपमध्ये वरच्या संगणकाचा फेब्रुवारीतला पत्ता साठविलेला होता, आणि आता तो बदलला होता. राउटर हे पत्ते काही काळापुरते वाटतो; वीज गेली-आली, यंत्रे मागेपुढे सुरू झाली की ते बदलू शकतात. आपल्याकडे उन्हाळ्यात आणि पहिल्या वळवाच्या पावसात वीज किती वेळा जाते हे वाचकांना सांगायला नको. म्हणून मुख्य राउटरमध्ये एक नोंद करून ठेवली. प्रत्येक यंत्राच्या नेटवर्क कार्डाला कारखान्यातच एक क्रमांक मिळालेला असतो. त्या क्रमांकाच्या यंत्राला नेहमी १२ नंबरचाच पत्ता द्यावा, असे राउटरला सांगता येते. पंगतीत आजोबांचा पाट ठरलेला असतो, तसे.

चौथा प्रश्न: दार उघडे आहे का? विंडोज प्रत्येक नेटवर्कला 'खासगी' किंवा 'सार्वजनिक' असा शिक्का मारते. नवे नेटवर्क दिसले आणि त्याविषयी विचारलेल्या प्रश्नाला कोणी उत्तर दिले नाही, तर ते सार्वजनिक धरले जाते. मग बसस्थानकावर माणूस पिशवी पोटाशी धरून बसतो, तसा संगणक अंग चोरून बसतो; नावाने हाक मारली तरी उत्तर देत नाही. आमच्याकडे शिक्का 'खासगी' असाच होता. म्हणजे या पायरीवर काही बिघाड निघाला नाही. मुलाला वाटले, वेळ फुकट गेला. पण तसे नाही. जे ठीक आहे ते ठीक असल्याचे कळणे, हीसुद्धा प्रगतीच. वहीत ती पायरी खोडली गेली आणि शोधायची जागा तेवढी लहान झाली.

इथे एक गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी. समोरचा संगणक आहे की नाही हे पाहायला 'पिंग' नावाची हाक मारतात. पण विंडोजचा फायरवॉल पुष्कळदा पिंगला उत्तरच देऊ देत नाही. त्यामुळे पिंगला ओ आली तर संगणक आहे हे नक्की; ओ आली नाही तर तो नाही, असे म्हणता येत नाही. गणितातल्या विधान आणि व्यत्यास यांच्यासारखेच हे आहे. त्याहून चांगली परीक्षा म्हणजे थेट त्या दारावर टकटक करणे. रिमोट डेस्कटॉप ३३८९ क्रमांकाच्या दारावर वाट पाहत असतो; या दारांना 'पोर्ट' म्हणतात. 'पॉवरशेल' या खिडकीत 'टेस्ट-नेटकनेक्शन' ही आज्ञा, वरच्या संगणकाचा पत्ता आणि पोर्टचा क्रमांक दिला. खालच्या ओळीत 'ट्रू' असे उत्तर आले. दार उघडे होते आणि आत कोणीतरी जागे होते!

आता पुन्हा रिमोट डेस्कटॉप सुरू केले, तर निराळीच सूचना आली: नाव किंवा पासवर्ड बरोबर नाही. मुलाने कपाळाला हात लावला. मला मात्र आनंद झाला. कालपर्यंत सूचना होती 'घर सापडत नाही'. आज होती 'तुम्ही कोण?' म्हणजे आपण घराच्या दारात पोहोचलो होतो. सूचना बदलली, म्हणजे एक पायरी चढली. ती वाईट आहे म्हणून घाबरू नये. कालच्यापेक्षा निराळी आहे का, एवढे पाहावे.

पाचवा आणि शेवटचा प्रश्न मग ओळखीचा उरला. अण्णा वरचा संगणक रोज चार आकड्यांच्या पिनने उघडीत असत आणि तोच पिन त्यांनी सांगितला. पण हा पिन त्या एका यंत्रापुरताच असतो, त्याच्यापुढे बसून वापरायचा. दुरून येणाऱ्याला खरा पासवर्ड द्यावा लागतो. (आणि ज्या खात्याला पासवर्डच नाही, त्याला विंडोज दुरून येऊच देत नाही.) फेब्रुवारीत तो एकदा टाइप करून साठविला होता. पण अशी साठवण पत्त्याच्या नावाने असते. पत्ता बदलल्यावर लॅपटॉपने तो नव्याने मागितला. आता तो आठवणार कोणाला?

अण्णांनी उशीखालची डायरी काढली. पासवर्ड तिथे लिहिलेला होता, आणि तो मोडीत! मोडी त्यांना वडिलांनी शिकविली होती. "घरात कुणाला वाचता येऊ नये म्हणून," ते म्हणाले. नातवाने डायरी उलटीसुलटी करून पाहिली आणि हात टेकले. मग आजोबांनी एकेक अक्षर सांगितले आणि नातवाने टाइप केले. पडदा क्षणभर काळा झाला आणि वरच्या संगणकाचे चित्र खाली उमटले. "दिसायला लागलं की रे!" अण्णा म्हणाले. त्या दिवशी त्यांनी तासाऐवजी दीड तास लिहिले आणि नंतर कंबर धरून बसले.

या चार दिवसांत आणखी दोन गोष्टी घडल्या, त्या पालकांनी जरूर वाचाव्यात.

एका नातेवाइकांनी फोनवर सल्ला दिला, की राउटरमध्ये ३३८९ चे दार बाहेरच्या जगासाठी उघडून टाका, म्हणजे पुण्यातूनही अण्णांना मदत करता येईल. सल्ला आपुलकीचा होता, पण तो आम्ही मानला नाही. घरातल्या घरात खोलीचे दार उघडे ठेवणे वेगळे आणि रस्त्यावरचे दार सताड उघडे टाकणे वेगळे. इंटरनेटवर अशी उघडी दारे शोधीत यंत्रे रात्रंदिवस फिरत असतात. मे २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉपमध्येच 'ब्लूकीप' नावाचा मोठा दोष उघडकीस आला. पासवर्ड माहीत नसतानाही दुरून संगणकाचा ताबा घेता येईल, असा तो दोष होता. मायक्रोसॉफ्टला तो इतका गंभीर वाटला की २०१४ मध्येच ज्याची देखभाल थांबविली होती त्या विंडोज एक्स्पीसाठीही त्यांनी दुरुस्ती काढली. परगावाहून मदत घ्यायचीच असेल तर आपल्या माणसाशी फोनवर बोलत बोलत, विंडोजमधल्या 'क्विक असिस्ट'सारख्या साधनाने घ्यावी. त्यात दर वेळी नवा संकेतांक लागतो, परवानगी आपण देतो आणि काम झाले की संबंध तुटतो. दार कायमचे उघडे राहत नाही.

दुसरी गोष्ट. तिसऱ्या दिवशी दुपारी अण्णांना फोन आला. पलीकडचा माणूस अतिशय नम्रपणे म्हणाला, की तुमच्या संगणकात बिघाड आहे असे आम्हाला दिसते. मोबाईलवर एक ॲप घ्या आणि त्यातला नऊ आकडी क्रमांक सांगा, आम्ही दुरुस्त करतो. आमचा संगणक खरोखरच बिघडलेला! दुसरे कोणी असते तर देवच पावला असे वाटले असते. अण्णा म्हणाले, "आमचा मेकॅनिक नववीत शिकतो, तो संध्याकाळी येईल," आणि फोन ठेवून दिला. आम्ही पुष्कळ हसलो, पण गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ज्या सोयीने मुलगा आईवडिलांना दुरून मदत करतो, त्याच सोयीने चोर खाते रिकामे करतो. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच 'एनीडेस्क' या ॲपच्या आडून होणाऱ्या फसवणुकीबद्दल बँकांना सावध केले होते. ॲप वाईट नसते. क्रमांक कोणाला सांगतो यावर सारे आहे. आपण होऊन फोन केलेला नाही, अशा कोणालाही आपला पडदा दाखवू नये. चुकून तसे घडलेच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे कठीण.

एवढे सारे झाल्यावर एक विचार मनात येऊ लागला. पायऱ्या दुरुस्त झाल्या, पण माडीच कोसळली तर? ती एक चावी उद्या बिघडली तर नऊशे पाने असूनही नसल्यासारखी. शिवाय विंडोज १० ची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि आमचा वरचा संगणक विंडोज ११ घेण्याइतका नवा नाही. रिमोट डेस्कटॉपने आम्हाला वेळ मिळवून दिला, यापलीकडे तो काही करू शकत नव्हता. खरा उपाय म्हणजे ती पाने युनिकोडमध्ये आणणे. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, रोमन अक्षराचा मुखवटा नसतो. म्हणून ती फाइल कोणत्याही संगणकावर आणि मोबाईलवरही उघडते.

हे रूपांतर करणारी साधने मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होत असे, युनिकोडमध्ये ती नंतर येते. त्यामुळे वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात. रफार भलत्याच ठिकाणी पडतो, जोडाक्षरे फुटतात. आधी साऱ्या फाइलींच्या प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी काढून ठेवल्या. मग अण्णांनी दिवसाला पाच पाने तपासण्याचा नेम धरला. मूळ पान रिमोट डेस्कटॉपवर, नवे पान लॅपटॉपवर, असे शेजारी शेजारी ठेवून ते वेलांट्या जागेवर बसवितात. नातू कधी मदतीला बसतो. "इथं हा अमुक मास्तर कोण?" असे विचारतो आणि मग पाचांऐवजी दोनच पाने होतात, कारण त्या मास्तरांची गोष्ट निघते. मला वाटते, ती तीन पाने मागे राहिली तरी नुकसान नाही.

विद्यार्थी मित्रांनो, या साऱ्यातून तुम्ही एकच सवय उचला. अडचण आली की तिचे तुकडे करा, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय झाले ते वहीत लिहा. संगणक बदलतील, विंडोजचे आकडे बदलतील, ही सवय उपयोगी पडत राहील. विज्ञानाच्या प्रयोगवहीत आपण हेच तर करतो.

आणि पालकांना व विश्वस्त मंडळींना एक विनंती. आपल्यापैकी पुष्कळांच्या कपाटात २००० सालानंतरच्या दशकातल्या सीड्या, जुन्या हार्ड डिस्क पडून असतील. त्यांत कोणाची भाषणे, कोणाची कुलवृत्तांताची टाचणे, उत्सवाच्या स्मरणिकांचा मजकूर, हिशेब, सभांची इतिवृत्ते असतील, आणि तीही बहुधा अशाच जुन्या फाँटमध्ये. सीमेवरच्या आपल्यासारख्या समाजाचा इतिहास दुसरे कोणी लिहून ठेवणार नाही. एखाद्या सुट्टीत वरच्या वर्गातली चार मुले आणि घरातली चार वडील माणसे एकत्र बसली, तर त्यांतले पुष्कळ युनिकोडमध्ये येऊ शकेल. मुलांना यंत्र कळते, वडिलांना मजकूर कळतो. एकाशिवाय दुसऱ्याचे चालणार नाही. मात्र हे लवकर करावे, चाव्या चालू आहेत आणि पासवर्ड वाचून दाखविणारे आपल्यात आहेत तोवर.